समावेशकतेमुळे डब्ल्यूडब्ल्यूईची मजा गेली का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : कुस्तीचे कार्यक्रम, 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'सारखे फासे टाकत काल्पनिक पात्रे साकारण्याचे खेळ किंवा 'वॉरहॅमर' हा छोट्या सैनिक-पुतळ्यांचा युद्धखेळ, हे छंद पूर्वी निखळ करमणुकीचे होते, आता स्त्रिया, कृष्णवर्णीय, ट्रान्सजेंडर अशा सर्वांना सामावून घेण्याच्या अट्टहासापायी त्यांत राजकारण शिरले आणि मजा गेली, हे खरे आहे का? मी सुमारे तीस वर्षे डब्ल्यूडब्ल्यूई (पूर्वीचे नाव डब्ल्यूडब्ल्यूएफ), म्हणजे या अमेरिकी कंपनीची निकाल आधीच ठरवून खेळली जाणारी कुस्ती, पाहत आलो आहे, त्यामुळे हे उत्तर मुख्यतः कुस्तीविषयीच असेल.

पूर्वी राजकारण नव्हते, हे गृहीतकच मला मान्य नाही. नव्वदच्या दशकात शाळेच्या मधल्या सुट्टीत आम्ही डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डे खेळत असू. योकोझुना हाती आला की दुसरा कसलाही विचार न करता 'वजन' म्हणायचे आणि समोरच्याचे पान ओढून घ्यायचे, हा ठरलेला डाव होता. आमच्या लेखी तो जपानचा सुमो मल्ल होता. प्रत्यक्षात तो रॉडनी अनोआई नावाचा सामोअन वंशाचा अमेरिकन होता, हे मला नोकरीला लागल्यावर कळले. 'युगांडाचा रानटी' म्हणून रिंगमध्ये येणारा कमाला हा मिसिसिपीचा जेम्स हॅरिस होता. २३ जानेवारी १९८४ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अमेरिकी हल्क होगनने इराणी आयर्न शीकला हरवले, तेव्हा तेहरानमधील अमेरिकी ओलिसांची सुटका होऊन तीनच वर्षे झाली होती, आणि प्रेक्षकांचा जल्लोष केवळ एका मल्लासाठी नव्हता. आखाती युद्ध संपून काही आठवडे होत नाहीत तोच १९९१च्या रेसलमेनियात, म्हणजे कंपनीच्या वर्षातील सर्वांत मोठ्या कार्यक्रमात, सार्जंट स्लॉटरला इराकचा पाठीराखा म्हणून होगनसमोर उभे करण्यात आले. जिंदर महाल तर कॅनडातील कॅल्गरीत जन्मलेला. तरी २०१७ मध्ये विजेतेपद देऊन त्याला अमेरिकी प्रेक्षकांची हेटाळणी करणारा परका खलनायकच करण्यात आले. शत्रू कोणाला म्हणायचे हे रोजच्या बातम्यांवरून ठरत असे, आणि त्याला तेव्हा कोणी राजकारण म्हणत नसे, कारण ते बहुतेक प्रेक्षकांच्या मनासारखे होते.

आता स्त्रियांच्या कुस्तीकडे येतो, आणि आधी स्वतःचीच कबुली देतो. 'दिवा' म्हणवल्या जाणाऱ्या स्त्री मल्लांची लढत लागली की मी चहा टाकायला उठत असे. त्यांच्या विजेतेपदाचा पट्टाही फुलपाखराच्या आकाराचा होता. २३ फेब्रुवारी २०१५च्या 'रॉ'मध्ये, म्हणजे कंपनीच्या तीन तासांच्या साप्ताहिक कार्यक्रमात, चार स्त्रियांची जोडी-लढत जेमतेम तीस सेकंदांत आटोपली. माझे पाणी उकळायच्या आत ती संपली. त्या रात्री 'गिव्ह दिवाज अ चान्स' ही घोषणा ट्विटरवर पसरली आणि कंपनीचे प्रमुख विन्स मॅकमॅहन यांना तिची दखल घ्यावी लागली. ही मागणी तिकीट काढून आणि रात्री जागून कुस्ती पाहणाऱ्या चाहत्यांची होती. 'हे वरून लादले' असे म्हणणारे नेमके हेच विसरतात.

त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला फ्लोरिडात 'एनएक्सटी' या कंपनीच्याच नवोदितांच्या शाखेच्या कार्यक्रमात साशा बँक्स आणि बेली यांची तीस मिनिटांची आयर्न मॅन लढत (ठरलेल्या वेळात जास्त वेळा हरवेल तो विजेता) झाली, आणि ती कार्यक्रमाची शेवटची, म्हणजे मुख्य लढत होती. त्या लढतीतील एक क्षण मी विसरू शकत नाही. पहिल्या रांगेत बेलीची एक चिमुकली चाहती तिच्यासारखाच हेअरबँड लावून बसली होती. साशाने जाऊन तिच्या डोक्यावरचा तो हेअरबँड ओरबाडला, स्वतःच्या डोक्यावर चढवला आणि तिला वेडावून दाखवले. मुलगी हमसून हमसून रडू लागली आणि सभागृह साशावर तुटून पडले. खलनायकी म्हणतात ती हीच, आणि अख्ख्या दशकात एवढी अस्सल खलनायकी मी क्वचितच पाहिली. बेली ३-२ अशी जिंकली. तीस सेकंद आणि तीस मिनिटे यांमध्ये सात-आठ महिन्यांचेच अंतर होते; अशा मल्लांचे कसब काही एकाएकी उपजले नव्हते, त्यांना मिळणारा वेळ बदलला होता.

तरीही आपल्या नाराजीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. कंपनीला 'इतिहासात प्रथमच' या शब्दांचे इतके व्यसन लागले की पुढे त्याचा वीट येऊ लागला. जून २०१७ मध्ये स्त्रियांची पहिली 'मनी इन द बँक' लढत झाली, जिच्यात वर टांगलेली ब्रीफकेस काढणारी जिंकते, आणि शिडीवर चढून ती ब्रीफकेस काढली कोणी, तर जेम्स एल्सवर्थ या पुरुषाने. त्याने ती खाली कार्मेलाच्या अंगावर टाकली आणि ती विजेती ठरली. प्रेक्षकांचा राग इतका होता की नऊ दिवसांत लढत पुन्हा घ्यावी लागली. २८ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यूयॉर्क राज्यात केवळ स्त्रियांचा 'इव्होल्यूशन' हा कार्यक्रम झाला, आणि पाचच दिवसांनी रियाधमधील कार्यक्रमात एकाही स्त्रीची लढत नव्हती. सौदीत स्त्रियांची पहिली लढत झाली ती आणखी एका वर्षाने, नताल्या आणि लेसी एव्हन्स यांची, संपूर्ण अंग झाकणाऱ्या पोशाखात. ज्यांना हे ढोंग वाटते त्यांच्याशी मी वाद घालत नाही. परंतु हा आक्षेप समावेशकता अति झाली असा नसून ती जाहिरातीपुरती राहिली असा आहे, आणि बहुतेक वादांत या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते.

ट्रान्सजेंडर मल्लांचा मुद्दा आपण मांडला आहे. नायला रोझ या ट्रान्सजेंडर मल्लाने १२ फेब्रुवारी २०२० रोजी एईडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कुस्ती कंपनीचे स्त्रियांचे विजेतेपद रिहो या जपानी मल्लाकडून घेतले, तेव्हा 'हे अन्यायाचे आहे' अशी ओरड झाली. ऑलिंपिकच्या खेळात शारीरिक बळाविषयीचा वाद गंभीर आहे आणि तो तिथे व्हायलाच हवा. परंतु इथे निकाल आधी लिहिलेला असतो. चार महिन्यांपूर्वी याच पट्ट्याचे पहिले मानकरीपण अंगकाठीने लहानखुऱ्या रिहोने याच नायलाला हरवून मिळवले होते. ज्यांना तो निकाल खटकला नाही, त्यांनी दुसऱ्याला मात्र न्यायाची तागडी लावावी, याचे मला नवल वाटते.

इतर छंदांविषयी थोडक्यात लिहितो. 'वॉरहॅमर'च्या काल्पनिक जगातील मानवी साम्राज्य हे मुळात हुकूमशाहीचे विडंबन आहे, परंतु काही चाहते ते आदर्श समजून बसले. स्पेनमधील एका स्पर्धेत एक खेळाडू नाझी चिन्हे अंगावर घालून बसल्यानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये तो खेळ बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉप या कंपनीला ते विडंबन असल्याचे जाहीरपणे सांगावे लागले. मात्र २०२४ मध्ये 'कस्टोडीज' या सम्राटाच्या अंगरक्षक योद्ध्यांत स्त्रिया पहिल्यापासूनच होत्या असे त्याच कंपनीने सांगितले, ते मला पटले नाही. बदल करायचा तर खुशाल करावा, जुनी पुस्तके घरात असलेल्या वाचकाला वेड्यात काढू नये. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ने २०२४च्या नियमपुस्तकात 'रेस' हा शब्द काढून 'स्पीशीज' केला. आमच्या पुण्यातील टेबलावर त्यावर दहा मिनिटे चर्चा झाली, मग कोणीतरी फासे टाकले आणि गुहेतला राक्षस जिवावर उठल्यामुळे विषय तिथेच राहिला.

मजा गेली का, या प्रश्नाला माझे उत्तर ८ एप्रिल २०१९च्या भारतातल्या सकाळचे आहे. न्यू जर्सीत मध्यरात्र उलटली होती, कार्यक्रम रटाळ वाटावा इतका लांबला होता, आणि रेसलमेनियाची मुख्य लढत प्रथमच स्त्रियांची होती : बेकी लिंच, शार्लट फ्लेअर आणि रोंडा राउझी. बेकीने रोंडाला पाडले, पंचाने तीन मोजले, आणि रोंडाचा एक खांदा मॅटपासून वर उचललेला स्पष्ट दिसत होता. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात दुपारपर्यंत भांडण चालले ते त्या खांद्यावरून. पंच आंधळा होता, की तसेच लिहिले होते, यावर आजही एकमत नाही, आणि माझ्या मते पंच चुकला.