मागची बाजू उचलून स्विफ्टला ग्रिप येणार नाही

भावा, तुझी 2011 ते 2017 मधली पेट्रोल स्विफ्ट, ड्रॅग रेससाठी (सरळ पट्ट्यावर थांबलेल्या गाडीने सुटायची शर्यत) हलकी केलेली, इंजिनची ताकद पुढच्या चाकांना, सुटताना पुढची चाकं जागेवरच फिरतात, आणि गॅरेजवाला म्हणतो मागे स्पेसर टाकून इंचभर उचल म्हणजे वजन पुढे येईल. नको करूस. आधी हिशोब बघ. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 2430 मिमी, ड्रायव्हरसकट गाडी 1000 किलो धर, गुरुत्वमध्य जमिनीपासून 54 सेंमी धर, आणि अर्ध्या जीने (गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या त्वरणाने) सुटलास तर साधारण 110 किलो पुढच्या चाकांवरून उठून मागे जातात. हा आकडा वजन, उंची, व्हीलबेस आणि तू किती जोरात सुटतोस यावरच ठरतो, स्प्रिंग मऊ की कडक याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. मागे इंचभर उचललंस तर पुढे जेमतेम किलोभर वजन सरकेल, पण गुरुत्वमध्य सेंटीमीटरभर वर गेल्यामुळे सुटताना दोनेक किलो जास्त मागे जातील. म्हणजे पैसे घालून घाटा.

मग मागचं सस्पेन्शन कडक का करतात? गाडी मागे बसली की नाक वर उठतं, पुढचे स्ट्रट (स्प्रिंग-शॉकअपचे खांब) लांबतात, टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बदलतो, ड्राइव्हशाफ्ट तिरके होतात, आणि मग गाडी परत पुढे झुलते तेव्हा चाकांवरचं वजन कमीजास्त होत राहतं, त्यातून पुढची चाकं उड्या मारायला लागतात. ते झुलणं थांबवायचंय, बाकी काही नाही. त्यासाठी मागे कडक स्प्रिंग घाल आणि बम्प स्टॉपखाली (सस्पेन्शन पूर्ण दबू न देणारा रबरी ठोकळा) पॅकिंग देऊन गाडी थोडीशी बसताच त्यावर टेकेल असं कर. शॉकअपला एकच नॉब असेल तर बहुतेक वेळा तो रिबाउंडचा (शॉकअप परत लांबण्याचा वेग) असतो, तो मागे कितीही आवळलास तरी बसणं थांबणार नाही, लोक इथेच फसतात. पुढच्या शॉकअपला मात्र रिबाउंड थोडा वाढवून बघ, नाक सावकाश उठेल.

ॲक्सेसरीच्या दुकानात स्प्रिंगमध्ये घालायचे रबर बफर मिळतात ना, स्वस्तात चालतात, पण दोन्ही बाजूंना एकाच वेढ्यात, एकाच उंचीवर बसव. मागे डावी-उजवी ताठरता वेगळी झाली की पुढच्या दोन चाकांवरचं वजनही वेगळं होतं, आणि तुझ्या गाडीत एलएसडी (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा डिफरेन्शियल) नाही म्हणतोस, म्हणजे हलकं पडलेलं चाक फिरणार आणि दुसरं बघत बसणार. बफर घातल्यावर चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून एकदा बघच, तू सीटवर बसलेला असताना.

स्टेपनी काढ, ती मागच्या ॲक्सलच्याही मागे असते. बॅटरी डिकीत हलवायची रीअर-व्हील-ड्राइव्हवाल्यांची नक्कल करू नकोस, तिची जागा पुढेच. उंची कमी करायचीच तर पुढून-मागून सारखी कर, तीन सेंमीत सुटताना सहाएक किलो वाचतात. अमेरिकेत ड्रॅगच्या होंडा सिव्हिकना मागे लांबलचक व्हीली बार (मागे आडवा निघालेला, टोकाला छोटी चाकं असलेला दांडा) दिसतो तो दिखाऊ नाही. ॲक्सलच्या मागे 1.2 मीटरवर त्या बारने 40 किलो पेलले तर पुढच्या चाकांवर वीसेक किलो वाढतात, कारण गाडीला टेकायला लांबचा पाय मिळतो. तुझ्या क्लासमध्ये चालतो का ते आयोजकांना विचारून मगच वेल्डिंगला हात घाल.

बदल एका वेळी एकच. मागच्या शॉकअपच्या दांड्याला झिप टाय बांध, रन झाल्यावर तो कुठे सरकलाय त्यावरून गाडी किती बसली ते कळतं. बाजूने फोनवर स्लो मोशन घे, मडगार्डवर टेप चिकटव म्हणजे नाक किती उठलं ते दिसेल. आणि पहिल्या 60 फुटांची वेळ बघ, 402 मीटरच्या (पाव मैलाच्या) रनच्या शेवटचा स्पीड या कामात काही सांगत नाही.

शेवटचं, मागचा बीम (मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा ॲक्सल) कडक आणि गाडी मागून हलकी असली की फिनिश रेषेपलीकडे जोरात ब्रेक मारताना मागची चाकं लवकर लॉक होतात आणि शेपूट बाहेर येते. मागचे टायर अरुंद घेतलेस की हे अजून वाढतं. म्हणून पहिल्यांदा अर्ध्या स्पीडला, रिकाम्या धावपट्टीवर ब्रेक मारून बघ, हायवेवर नाही, आणि मागचा टो जरा जरी बाहेर असेल तर स्टब ॲक्सलमागे शिम (पातळ पत्र्याची चकती) घालून तो आधी सरळ करून घे.