कान देऊन : इंग्रजी कळत नाही, मग पिंक फ्लॉईड ऐकू कसं?

प्रश्न : मी डिप्लोमाला आहे, विश्रामबागला रूमवर राहतो. रूममेट दिवसरात्र पिंक फ्लॉईड या इंग्लंडच्या रॉक बँडची गाणी लावतात. मी पण 'द डार्क साईड ऑफ द मून' ऐकून बघितला, पण एक गाणं कुठं संपतं आणि दुसरं कुठं सुरू होतं तेच समजेना, शब्द तर सगळे डोक्यावरून. आमच्या गावात भजनी मंडळ आहे, तिथं मी पखवाज वाजवतो, त्यामुळं ही पोरं मला 'हरिपाठ' म्हणून चिडवतात. माझंच काही कमी पडतंय का? सुरुवात कशानं करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आरं पखवाज वाजवतोस आणि वर मलाच विचारतोस व्हय? त्या रूममधी तो अल्बम ऐकायला सगळ्यात लायक माणूस तूच आहेस लेका. आता असं कर, त्यातलं 'मनी' नावाचं गाणं लाव आणि शब्दांकडं अजिबात लक्ष देऊ नको, नुसत्या मात्रा मोज. सुरुवातीला नाण्यांचा खणखणाट, गल्ल्याचा आवाज, कागद फाटल्याचा आवाज असं एक चक्र फिरत राहतं, त्याच्यावर बेस गिटार येते. किती मात्रा भरल्या? सात. म्हणजे तुझा तीव्रा ताल, नाहीतर तबलजीचा रूपक म्हण. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते, 1973 चा अल्बम आहे हा, त्यामुळं एकेका आवाजाची टेप फुटपट्टीनं मोजून कापली, तुकडे चिकटवून त्याचा गोल केला आणि तो मशीनवर फिरवत ठेवला. पुढं सॅक्सोफोन वाजतो तो पण सातातच, आणि मग गिटारचा सोलो आला की गाणं धाडकन चारात येतं. ती उडी तुझ्या रूममेटनी ऐकली असंल हजारदा, पण हाताला कळली नसंल, तुझ्या हाताला ती पहिल्यांदाच कळणार. 'हरिपाठ' म्हणणाऱ्याला एकदा टाळी धरायला लाव त्या गाण्यावर, मग बघ मजा.

गाणी कुठं संपतात कळत नाही म्हणालास, तर ते तसंच केलंय मुद्दाम. हा अल्बम एलपीसाठी, म्हणजे मोठ्या तबकडीसाठी केलेला, दोन बाजू, एकेक बाजू साधारण वीस मिनिटांची, आणि एका बाजूतली गाणी एकमेकांत मिसळलेली. भजनात पण अभंगाला अभंग जोडत नेतात, मधी कोण थांबून टाळ्या वाजवत नाही, तसंच. म्हणून शफल बंद कर आधी. आणि फुकटच्या ॲपवर ऐकत असशील तर मधीच बनियनची जाहिरात येऊन सगळा विचका होतो, त्यापेक्षा कुणाकडनं तरी फाईली घे नाहीतर सीडी मिळव. सांगली-मिरज शहरी बसमधी एक बाजू आरामात होते, फक्त खिडकीजवळची सीट धर आणि हेडफोन बरा असू दे.

पहिल्या बाजूच्या शेवटी एक बाई गाते, क्लेअर टोरी. त्यात एकपण शब्द नाही, नुसता आवाज. तिला स्टुडिओत बोलावून गाणं ऐकवलं आणि शब्द नकोत म्हणाले, मग ती सुचेल तसं गात गेली. त्या कामाचे तिला तीस पौंड मिळाले, आणि पुढं 2004 साली तिनं कोर्टात जाऊन संगीतकार म्हणून हक्क मागितला तेव्हा कुठं तडजोड होऊन गाण्यावर तिचं नाव लागलं. तर सांगायचं काय, की अख्ख्या अल्बममधली सगळ्यात जीव पिळवटणारी जागा बिनशब्दांची आहे. इंग्रजी न येणाऱ्याचं तिथं काय अडतंय? अडलंच तर शब्द नंतर नेटवर वाच, दहा-पंधरा ओळींचा मामला असतो.

यानंतर 'विश यू वेअर हिअर' ऐक, 1975 चा. बँडचा जुना साथीदार सिड बॅरेट मानसिक आजारामुळं त्यांच्यातनं गेलेला, त्याच्यासाठीचं एकच लांबलचक गाणं दोन तुकडे करून अल्बमच्या सुरुवातीला आणि शेवटाला ठेवलंय. रेकॉर्डिंग चालू असताना हा सिड स्वतः स्टुडिओत येऊन बसला, टक्कल केलेलं, अंग सुटलेलं, आणि ज्यांनी त्याच्यावर गाणं केलं त्यांनाच तो आधी ओळखू आला नाही. मला 'डार्क साईड'पेक्षा हा जास्त जवळचा वाटतो. 'द वॉल' एवढ्यात नको. दोन रेकॉर्डींचा आहे आणि दुसरी रेकॉर्ड मला तर ताणल्यासारखी वाटते, आता यावरून मला पत्रं येतील, येऊ देत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, मिरजेत राहतो. आमच्याकडे खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या ध्वनिमुद्रिका ऐकत दोन पिढ्या वाढल्या. आता नातू बँड, बँड करतो आणि गिटार मागतो. आमच्या कानाला सोसेल असं त्या दुनियेत काही आहे का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : सर, तुम्ही आणि नातवानं एकत्र बसून ऐकावं असं नेमकं एक आहे. शक्ती. 1970 च्या दशकातला बँड. जॉन मॅकलॉफ्लिन हे इंग्लंडचे गिटारवादक, व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर झाकीर हुसेन आणि घटमवर, म्हणजे मातीच्या घड्यावर, विनायकराम. ड्रमसेट नाही, विजेची गिटार नाही, सगळे मांडी घालून बसलेले. 'अ हँडफुल ऑफ ब्यूटी' लावा.

मिरजकरांना यातली एक गोष्ट जास्त भावेल. मॅकलॉफ्लिन यांनी शक्तीसाठी गिटार खास बनवून घेतली होती, तिला मुख्य तारांच्या खालून आडव्या तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या तारा, बसवलेल्या, आणि पडद्यांच्या मधलं लाकूड खोलगट कोरलेलं, म्हणजे तार दाबून ओढली की मींड निघते, सूर घसरत दुसऱ्या सुरावर जातो. तुमच्या सतारमेकर गल्लीत कुणालाही त्या गिटारचा फोटो दाखवा, हे कशासाठी केलंय ते तो बघता क्षणी सांगेल. नातवाला तिथं घेऊनच जा की एकदा, तरफा जुळवताना बघू दे, गिटारचं नंतर ठरवा. (घेऊन द्या हो, पण.)

आणि एक बोलू का, राग मानू नका. खाँसाहेबांनी मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर जे गायलं ते एका बाजूला तीनएक मिनिटांत बसवून गायलं. मैफलीत जो राग तासभर चालायचा तो तेवढ्यात मांडायचा, म्हणजे काय ठेवायचं न् काय सोडायचं हा हिशेब आलाच. हे बँडवाले पण तोच हिशेब करतात. नातवाशी भांडण करण्याऐवजी त्याला हे सांगा, तुमची तबकडी पण तो ऐकेल.

प्रश्न : तुमचा स्वतःचा सगळ्यात आवडता अल्बम कोणता? एकच सांगायचा, गोलगोल उत्तर नको.
— एक वाचक, विटा

उत्तर : इंडियन ओशनचा 'कंदिसा'. 2000 साली आला. बँड दिल्लीचा. असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गायचे, आणि तो आवाज पॉलिश केलेला नाही, घसा खरवडून आलेला आहे. 'मा रेवा' हे नर्मदेचं गाणं त्यांच्याकडं नर्मदेच्या खोऱ्यातनं आलं, कारण बेस वाजवणारे राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होते. आणि शेवटचं 'कंदिसा' केरळातल्या ख्रिश्चनांच्या जुन्या प्रार्थनेवरचं, अरमाईक भाषेतलं. त्यातला शब्दसुद्धा मला कळत नाही आणि प्रत्येक वेळी काटा येतो. असीमदा 2009 च्या डिसेंबरात गेले. त्यानंतरचा बँडपण चांगला आहे, पण माझा हात याच अल्बमकडं जातो, त्याला काय करणार. एकच विचारलात म्हणून एकच सांगितला, नाहीतर बीटल्सच्या 'ॲबी रोड'ची दुसरी बाजू पण होती मनात.

प्रश्न : 2019 च्या पुरात आमच्या गावभागातल्या घरात पाणी शिरलं, जुन्या कॅसेट भिजल्या. पोत्यात भरून तशाच ठेवल्यात. टाकून देऊ का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : थांबा, टाकू नका. आणि प्लेअरमधी पण घालू नका, चिखलाचा कण हेडवर घासला की टेप आणि प्लेअर दोन्ही गेलं. ज्या कॅसेटला स्क्रू आहेत त्या उघडता येतात, बहुतेकांना पाच असतात. आतली रिळं जपून काढा, बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यानं हलक्या हातानं धुवा आणि सावलीत, पंख्याखाली वाळवा. उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायर तर मुळीच नको, टेप आकसते. पूर्ण वाळल्यावर दुसऱ्या एखाद्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात ती रिळं बसवा, हातानं एकदा पुढं-मागं गुंडाळा आणि मगच वाजवा. वाजवाल तेव्हाच कॉम्प्युटरला जोडून रेकॉर्ड करून घ्या, कारण दुसऱ्यांदा ती टेप साथ देईलच असं नाही. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची टेप पातळ असते, म्हणून हात बसायला आधी साठवाल्या घ्या. आणि बाजारात परत मिळतील अशा सिनेमाच्या गाण्यांवर वेळ घालवू नका, घरातल्या कुणाचा आवाज भरलेल्या कॅसेट पहिल्यांदा बाजूला काढा.