पळायला सुरुवात करताय? आधी कपड्यांचं बघा

शिवाजी पार्कला पळायला येताय, उत्तम! पण लगेच हजारोंची खरेदी नको. मुंबईत थंडी नावालाच. आपला खरा वैरी दमटपणा. हवाच ओली असली की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. म्हणून जाड सुती टी-शर्ट घरीच ठेवा. तो घाम पिऊन जड होतो, अंगाला चिकटतो आणि काखेत काचायला लागतो. पातळ, सैलसर पॉलिएस्टरचा घ्या, साधाही चालेल. घेताना आतून काखेतल्या शिवणीवर बोट फिरवा. खरखरीत लागली तर ठेवून द्या.

नवे लोक हमखास करतात त्या चुका:

- वजन उतरावं म्हणून प्लास्टिकचा स्वेट सूट घालणं. उतरतं ते पाणी, चरबी नाही. वर उष्माघाताचा धोका, तो वेगळाच.
- सुती मोजे. ओले झाले की पायाला फोड येणारच.
- पावसात रेनकोट घालून पळणं. आतून घामाने भिजताच की! त्यापेक्षा पुढे झाप असलेली टोपी घाला नि खुशाल भिजा.

बायकांनी काटकसर बाकी कशातही करावी, स्पोर्ट्स ब्रामध्ये नको. ट्रायल रूममध्येच चार उड्या मारून बघा.

मांड्या घासत असतील तर निघण्याआधी व्हॅसलीन लावा. कॉम्प्रेशनचे, म्हणजे अंगाला घट्ट आवळून बसणारे कपडे वगैरे पुढे बघू. आणि घामेजलेले कपडे बॅगेत कोंबून ठेवू नका, पॉलिएस्टरचा वास जाता जात नाही.