सायकलसमोर बिबट्या आला तर?

प्रश्न: आम्ही तिघं मित्र रविवारी पहाटे नारायणगावहून जुन्नरकडे सायकलिंगला जातो, गेल्या आठवड्यात उसातून बिबट्या निघाला आणि सरळ रस्ता ओलांडून पलीकडे गेला, मी ब्रेक मारून नुसता उभा राहिलो, हातपाय थरथरत होते. जोरात पळवायला हवी होती का सायकल?

उत्तर: नाही हो, थांबलात तेच बरोबर केलंत! पळणारी गोष्ट दिसली की मांजराच्या जातीतला प्राणी मागे लागू शकतो, आणि बिबट्याच्या वेगापुढे आपली सायकल काहीच नाही. पुढच्या वेळी उतरा, सायकल आडवी धरून तिच्यामागे उभे राहा, तिघं एकमेकांना चिकटून, मोठ्या आवाजात बोलत हळूहळू मागे सरका, पाठ मात्र फिरवू नका. आणि खाली वाकू नका, बसू तर अजिबात नका, कारण बसलेला माणूस त्याला लहान सावजासारखा दिसतो, म्हणून तर शेतात वाकून काम करणाऱ्यांना आणि लहान मुलांना जास्त धोका असतो.

जुन्नर भागात बिबट्या उसातच राहतो, तिथेच पिल्लं घालतो. ऊसतोडीत फडात पिल्लं सापडतात, ती दिसली तर फोटोसाठी थांबू नका प्लीज, आई जवळच असते. वनविभागाला 1926 वर फोन करा.

आणि खरं सांगू का, अंधारात निघूच नका, चांगलं उजाडू द्या. कानातले हेडफोन घरीच ठेवा.