अ‍ॅम्प बसवल्यापासून स्पीकरमधून कुईं आवाज

प्रश्न: गाडीत इक्वलायझर (आवाजातले खालचे-वरचे सूर कमीजास्त करणारा) आणि चार चॅनलचा अ‍ॅम्प (स्पीकरला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर) बसवून घेतला, पण इंजिन चालू केलं की स्पीकरमधून कुईं आवाज येतो, रेस केली की वाढतो. अ‍ॅम्प बदलू का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: अजिबात नको, आधी वायरिंग बघा. रेसबरोबर चढणारा आवाज अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) असतो आणि बऱ्याचदा ग्राउंड, म्हणजे अ‍ॅम्पच्या काळ्या वायरची गाडीच्या पत्र्याशी जोडणी, नीट नसलं की तो येतो. बॅटरीचं निगेटिव्ह काढा, मग अ‍ॅम्पची काळी वायर ज्या बोल्टला आहे तो खोला, खाली रंग दिसला तर सँडपेपरने घासून चकचकीत पत्रा उघडा करा आणि वायर आखूड ठेवून परत घट्ट आवळा. आरसीए केबल (स्टिरिओचा सिग्नल अ‍ॅम्पकडे नेणारी) आणि बॅटरीकडून अ‍ॅम्पला येणारी लाल वायर शेजारून नेली असेल तर एक डावीकडून, एक उजवीकडून घ्या. शिल्डवाली (बाहेरचा गोंगाट अडवणारं आवरण असलेली) आरसीए पुण्यातल्या तपकीर गल्लीत मिळून जाईल.

आणि हो, लाल वायरला बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत फ्यूज आहे का ते आजच बघा, नसेल तर ती वायर काढूनच ठेवा, कारण ती कुठे पत्र्याला घासली तर थेट आग लागू शकते. शेवटी इक्वलायझरचे सगळे बँड (वेगवेगळ्या सुरांचे नॉब) मध्यावर ठेवा, अ‍ॅम्पचा गेन (सिग्नल किती वाढवायचा तो नॉब) कमीतकमी करा आणि मग हळूहळू वाढवत आवाज फाटायच्या आत थांबा.