शेजारी बस

पोरी,

तुझा मेसेज वाचला. 'माझ्या वर्गातला एक मुलगा दिवाळीपासून बोलत नाही, वही उघडत नाही. मतिमंद तर नसेल?' हा शब्द पुन्हा लिहू नकोस.

बीडमध्ये नोकरी करतेस ना? दिवाळी झाली की कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, ऊसतोडीला निघतात. गाडी पहाटे येते तेव्हा पोर झोपेत असतं. उठतं तेव्हा आई नसते. आजी असते, आणि ती म्हणते, "रडलास तर आई यायची नाही." म्हणून तो रडत नाही. बोलतही नाही.

आणि तू त्याला फळ्यापाशी उभं करून विचारलंस, काय झालं? सगळ्या वर्गासमोर कोण सांगेल गं? शेजारी बस. खिचडीच्या वेळी ताट घेऊन त्याच्या शेजारी बस. विचारू काही नकोस. तो वाटाणे बाजूला काढत असेल तर तूही काढ.

1991 साली माझ्या वर्गात एक मुलगी रोज उशिरा यायची. महिनाभर रोज मी तिला दाराबाहेर उभी केली. धाकट्याला खाऊ घालून, अंगणवाडीत सोडून ती धावत यायची. हे मला पाणी भरणाऱ्या मावशींनी सांगितलं, तोवर तिची शाळा कायमची सुटली होती. दोन इयत्ता, 60 पोरं, मी तरी काय करणार होते? मानसिक त्रास देऊ नये असं सांगणारं शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 तर 2009 चं. ही कारणं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलेय. दारात जाऊन तिच्या शेजारी बसायला मात्र कायदा लागत नव्हता. तुझ्या पटावर 19 आहेत. तू हे कारण सांगूच नकोस.

आजीकडे जा. खुर्ची मागू नकोस, ओट्यावर शेजारी बस. तिच्यावर चिडू नकोस, तिलाही पोटचा पोरगा दिसत नाहीये. आईचा फडावरून फोन आला की 'अभ्यास करतोस का' हे तिने शेवटी विचारावं. पुढच्या वर्षी निघताना पोराला उठवून, सांगून निघा म्हणावं. रडेल, रडू दे. पाडव्याला येतो असला खोटा वायदा नको. कारखाना बंद झाला की येतो म्हणा.

जेवण-झोप उडालेली दिसली तर मात्र थांबू नकोस, 14416 वर टेली-मानसला, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन कर. मोफत आहे.

सोमवारी कळव. तो काही बोलला नाही, तरी कळव.

तुझी बाई