उपाशी राहिलं की डोकं ठणकतं, आणि नवरा म्हणतो सवय होईल

प्रिय ताई,

माझं वय ३६. कॉलेजपासून अर्धशिशी आहे, पण दोन-तीन महिन्यांतून एकदा यायची. गोळी घेऊन अंधारात पडलं की भागायचं. चार महिन्यांपूर्वी नवऱ्याने आणि मी मिळून वजन कमी करायचं ठरवलं. सोळा तास उपाशी राहायचं आणि उरलेल्या आठ तासांत काय ते खायचं. रात्री आठला जेवतो, ते थेट दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला. सकाळची कॉफीही बंद. ती मग ऑफिसात बारा ते पाचच्या दरम्यान तीन कप होते. त्याचं वजन उतरलं, तो खूश आहे. माझं मात्र आठवड्यातून तीन-चार दिवस अकराच्या सुमारास उजवं कानशील ठणकायला लागतं, उजेड नको होतो, मळमळतं. रिकाम्या पोटी गोळी घेते आणि दिवस रेटते. सासूबाई म्हणतात पित्त आहे. नवरा म्हणतो, "सवय होईल, तूच मनावर घेत नाहीस." खरंच मी कमी पडते आहे का?

– एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

नाही, तू कमी पडत नाहीस. चार महिने डोकं धरून ऑफिस गाठणाऱ्या बाईला मनावर घेत नाहीस असं म्हणणं मला तरी जमणार नाही. तुम्ही दोघांनी एकाच दिवशी एकच प्रयोग सुरू केला. त्याला मानवला, तुला नाही. त्यात निर्धाराचा संबंध नाही.

अर्धशिशी असलेल्या मेंदूला बदल खपत नाही. कमी झोप, जास्त झोप, पाळीच्या आसपासचे दिवस, चुकलेलं जेवण, काहीही पुरतं. पान वाढायला अर्धा तास उशीर झाला की घर डोक्यावर घेणारे आजोबा असतात ना, तसा त्याचा स्वभाव. भुकेने डोकं दुखलं म्हणजे साखर घसरली, असं सर्रास समजलं जातं, पण पुष्कळांची साखर त्या वेळी ठीकच निघते. भूक, तहान, झोप यांचा कारभार पाहणारा मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग अर्धशिशीच्या झटक्यातही अगदी सुरुवातीपासून गुंतलेला दिसतो. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तर उपाशीपोटीच्या डोकेदुखीची स्वतंत्र नोंदच आहे: निदान ८ तास पोटात अन्न नाही, दुखणं त्याच काळात सुरू झालं आणि खाल्ल्यावर स्पष्ट कमी झालं. उपास लांबला की ती होण्याची शक्यता वाढते, आणि मुळात अर्धशिशी असलेल्यांमध्ये ती अर्धशिशीसारखीच दिसू शकते. तू ८ नाही, १६ तास राहतेस. हा परिच्छेद नवऱ्याला वाचायला दे.

सासूबाईंचा अंदाजही अगदी हवेतला नाही. झटक्यात पोटाचं काम मंदावतं, मळमळतं, उलटी झाली की काहींचं डोकं उतरतंही. म्हणून सगळा दोष पोटाला जातो. पण मळमळ हा त्या झटक्याचाच भाग आहे, नुसत्या पित्ताच्या गोळीने तो थांबणार नाही.

आता पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट, तुझी कॉफी. शेवटचा कप संध्याकाळी पाचला आणि पुढचा दुसऱ्या दिवशी बाराला, म्हणजे मध्ये १९ तास. रोज कॉफी घेणाऱ्याची ती थांबली की २४ तासांच्या आत डोकं दुखू शकतं. तुझं अकराला सुरू होतं! भूक आणि कॉफीची तलफ अशी दोन कारणं रोज एकाच वेळेला येऊन तुझ्या कानशिलावर आदळत असावीत. वर, दुपारभर घेतलेली कॉफी रात्रीची झोप पोखरते ते वेगळंच. तेव्हा पहिला कप सकाळी परत आण, रोज त्याच वेळी, काहीतरी खाऊन. पाचचा कप बंद कर. एकूण कॉफी कमी करायची असेल तर खुशाल कर, पण दर काही दिवसांनी थोडी थोडी. एका दिवसात तोडलीस तर आठवडाभर डोकं दुखायची तयारी ठेव.

दुसरी खटकलेली गोष्ट गोळ्यांची. आठवड्याला तीन-चार म्हणजे महिन्याला १२ ते १६ दिवस. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान (खास अर्धशिशीच्या झटक्यावरची औषधं) किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की गोळीच डोकेदुखी टिकवून धरू लागते. तुझी गोळी कोणती ते तू लिहिलेलं नाहीस, पण तू त्या उंबरठ्यावर आहेस एवढं नक्की. शिवाय आयबुप्रोफेनसारखी गोळी रिकाम्या पोटी घेणं म्हणजे जठराशी वैर.

खाण्याचं सोपं आहे. उठल्यावर तासाभरात काहीतरी पोटात जाऊ दे. मग जागेपणी चार-पाच तासांहून मोठी खिंड पडू द्यायची नाही. प्रत्येक वेळी थोडी प्रथिनं आणि तंतुमय पदार्थ हवेत, म्हणजे कडधान्य, अंडं, दही, दाणे यांतलं काहीही. नुसतं गोड बिस्कीट तेवढ्यापुरतं भागवतं आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. मीटिंग लांबते, गाडी अडकते, म्हणून पर्समध्ये मूठभर बदाम-शेंगदाणे कायम असू देत. रात्रीचं जेवण फार लवकर होत असेल तर झोपण्यापूर्वी थोडं खा, कारण दिवसातला सगळ्यात लांब उपास झोपेतच घडतो. पाण्याचं वेगळं सांगत नाही.

एक गंमत मात्र लक्षात ठेव. कधी कधी अचानक लागलेली भूक किंवा गोडाची अनावर इच्छा, जांभया, मान आखडणं, चिडचिड ही झटक्याची पूर्वसूचना असते. दुखणं पुढे कित्येक तासांनी येतं आणि मग आपण म्हणतो, ते चॉकलेट खाल्लं म्हणून दुखलं.

राहिलं वजन. ते उतरवायला सोळा तास उपाशी राहायलाच हवं असं नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३९ लठ्ठ व्यक्तींना १२ महिने मोजून-मापून कमी खायला सांगितलं. त्यातल्या निम्म्यांनी ते ठरावीक आठ तासांतच खायचं होतं. वजन दोन्ही गटांचं उतरलं, आणि किती उतरलं यात दोन गटांमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. नवऱ्याला त्याची पद्धत मानवते, त्याने ती चालू ठेवावी. त्याला सांग, "तू बाराला जेव, मी आठला नाश्ता करते. रात्री मात्र एकत्र जेवू आणि नंतर अर्धा तास चालायला जाऊ." तो दुष्ट नाही, त्याला फक्त एकत्र केलेली गोष्ट मोडते आहे असं वाटतंय. एकत्र करायला दुसरं काहीतरी दे.

आणि हे वाचणाऱ्या ज्यांना श्रद्धेचा उपास सोडवत नाही त्यांच्यासाठी: बहुतेक परंपरांनी आजाऱ्याला सूट दिलेली आहे, ती घेण्यात कमीपणा मानू नका. घ्यायचीच नसेल तर आदल्या आठवड्यापासून कॉफी-चहा हळूहळू कमी करा, आदल्या रात्री पुरेशी झोप घ्या, आणि उपासापूर्वी घेता येईल असं दीर्घकाळ टिकणारं औषध आपल्याला चालेल का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. ते मनाने घेऊ नका.

मैत्रिणी, तू महिनाभर छोटी डायरी ठेव: कधी खाल्लं, कधी कॉफी, किती झोप, पाळी, डोकं कधी दुखलं, गोळी कोणती. ती घेऊन डॉक्टरांकडे जा, पण महिना संपायची वाट पाहायलाच हवी असं नाही, दुखणं वाढलं तर लगेच जा. महिन्यात चार किंवा जास्त दिवस अर्धशिशी होत असेल तर रोज घ्यायच्या प्रतिबंधक औषधाचा विचार होतो. क्षणात शिगेला पोचणारी भयंकर डोकेदुखी, तापासोबत मान ताठ होणं, हात-पाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं, यांतलं काही झालं तर मात्र डायरी-बियरी बाजूला ठेवून थेट इस्पितळ. आणि मूल होण्याचा विचार असेल, किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असून झटक्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या रेषा येत असतील, तर ते पहिल्याच भेटीत सांग, कारण त्यावर औषधाची निवड ठरते.

– ताई